एकशे सत्ताविसावा दाता

‘काका, मधनंच टक्क करतंय ते काय ओ?’ तासगावकडचा तो शेतकरी शेडच्या दारात उपड्या बादलीवर बसून विचारत होता. ऑक्टोबर छाटणी उरकून महिना झालेला, पहाटे दाट धुकं पडायला लागलेलं. अशा दिवसांत द्राक्षबागायतदाराचा जीव घडात अडकलेला असतो आणि नेमका तेव्हाच फवारणीचा ब्लोअर दगा देतो. गडी साडेसहालाच मोटरसायकलवर हजर झाला होता. पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट मांडीवर, मफलरवर दवाचे थेंब, डोळ्यांत रात्रीचं जागरण. शाफ्टच्या टोकाचे आटे पार झिजून गेले होते. २० मिलिमीटर व्यास, पिच, म्हणजे आट्याआट्यातलं अंतर, दीड मिलिमीटर. मी लेथवर, म्हणजे लोखंड गोल फिरवून कातायच्या मशीनवर, नवा शाफ्ट टर्न करून टोकाला आटे पाडायला घेतले होते. ऑइलचा वास शेडभर झाला होता, टूलखालून बारीक कुरळा कीस निघत होता आणि दर दोनेक सेकंदांनी गियरच्या बाजूनं तो आवाज येत होता. टक्क. मग पुन्हा टक्क.

‘जुनं मशीन हाय पाव्हणं, चालायचंच,’ मी म्हणालो.

शाफ्ट घेऊन तो गेला. दुपारी फोन आला, ब्लोअर झकास चालू झाला म्हणून. पण मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही, कारण मी खोटं बोललो होतो. आवाज मशीनचा नव्हता. मशीन बिचारं गप्प असतं. आवाज करतो तो १२७ दात्यांचा गियर, आणि तो गेल्या पावसाळ्यात मी माझ्या हातानं पाडलेला आहे. कुठला दाता बोलतो तेही मला ठाऊक आहे. चूक माझी होती आणि मी ती त्या मुक्या मशीनच्या नावावर खपवली. एकतीस वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून काढली, त्यात एवढं एक पाळलं होतं. जॉब बिघडला तर ‘माझ्याकडनं बिघडला’ म्हणायचं, टूलवर ढकलायचं नाही.

आणि ढकलू तर कुणावर? हा लेथ पुरातून वाचलेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा नदीकाठच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो बरेच दिवस गाळात बुडून होता. पाणी उतरल्यावर भंगाराच्या ढिगात मला दिसला. पंजाबातल्या बटाल्याचा दोन फुटी लेथ, बेडवर लाल गंजाची साय, जॉब पकडायच्या चकमध्ये चिखल वाळून त्यावर गवताचं बी उगवलेलं. बिडाच्या भावानं किलोवर मिळाला. सोडवून, रॉकेलमध्ये भिजवून, सँडपेपर आणि स्क्रेपर घेऊन चार महिने मी त्याच्याशी झटलो. बेडवर गंजानं खाल्लेले बारीक खड्डे अजून आहेत. बोट फिरवलं की लागतात, देवीचे व्रण असावेत तसे. पण क्रॉस स्लाइड सरकते ती लोण्यातून सुरी जावी तशी. असं मशीन मी बोलायला लावलं.

नोकरीत असताना हातात मागेल ते मिळायचं. घरी आल्यावर कळलं की नुसता लेथ असून भागत नाही, त्याचं बिऱ्हाड उभं करावं लागतं. टूलपोस्ट मी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यातून केला. बोरिंग बार झाला ट्रकच्या तुटक्या एक्सलचा. तुटलेल्या ड्रिलची बुंधे घासून बारीक आटे पाडायची टूलं झाली आणि कमान पाट्याच्या पट्टीला भट्टीत लाल करून, तेलात विझवून, मग निळसर होईतो तापवून पार्टिंग टूलचा होल्डर झाला. त्या निळ्यावर माझा फार जीव आहे. पिवळा, तपकिरी, जांभळा आणि मग निळा, असे रंग पोलादावर सरकत येतात. नेमक्या क्षणी आगीतून काढलं नाही तर मेहनत वाया. या वेळी कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही, हे आता घरच्यांनाही माहीत आहे.

हे सगळं जमत गेलं. अडलं ते गोल भागायला.

सरळ पट्टीचे भाग करायचे तर काय, मोजत जायचं. शेवटी थोडं उरलं किंवा कमी पडलं तर टोकाला सोडून द्यायचं. पट्टीला टोक असतं. गोलाला टोक नसतं. शेवटची खूण पहिल्या खुणेला येऊन मिळावीच लागते, नाही मिळाली तर ती चूक लपवायला जागाच नाही. आमचे हेडमिस्त्री डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे गोलाचे सारखे भाग पाडायच्या यंत्रावर, बसवताना हे पहिल्याच दिवशी सांगायचे. हेडची चावी ४० वेळा फिरवली की जॉबचा एक फेरा. म्हणजे ४० भाग हवेत तर एकेक फेरा. सात हवेत तर? पाच पूर्ण फेरे आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं पुढे. सात वेळा हेच करायचं आणि सातव्या वेळी पिन पहिल्याच भोकात पडायला हवी. पिन पडताना स्प्रिंग जो आवाज करते, त्या आवाजाची मला त्या वयात चटक लागली होती. एकदा त्यांनी मला दुपारच्या सुट्टीत १२७ भाग काढायला बसवलं. मी खडूनं फरशीवर आकडे मांडत राहिलो, डबा तसाच राहिला. १२७ला कशानंच भाग जात नाही. हेडच्या कुठल्याही प्लेटवर तेवढी भोकं नाहीत. सुट्टी संपल्याचा भोंगा झाल्यावर ते म्हणाले, ‘नाही जमत ना? लक्षात ठेव. त्याला गियर जोडून वेगळा हिशेब करावा लागतो. इंचाचं मशीन आणि मिलिमीटरचं काम यांच्यात हाच एक आकडा बसलाय.’

तो आकडा माझ्या लेथच्याही आड आला. याचा लीडस्क्रू, म्हणजे टूलला पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाचा, इंचात आठ आटे. १९५९ सालापासून इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असं जगानं ठरवलं, आणि २५४च्या निम्मे १२७. दीड मिलिमीटरचे आटे हवे असतील तर चालवणारा गियर ६० दात्यांचा आणि लीडस्क्रूवरचा १२७चा, की हिशेब तंतोतंत बसतो. आपल्या देशानं १९५६च्या कायद्यानं मीटर स्वीकारला, पुढच्या वर्षी नवे पैसे आले, पण वर्कशॉपच्या जिभेवरून इंच गेला नाही. आजही पोऱ्या ‘तीन सुताचा पाना’ मागतो आणि त्याच पान्यानं काम भागत नाही म्हणून दहा नंबरचा मागतो. एकाच ड्रॉवरमध्ये दोन्ही भाषा. जाणकार म्हणतील, ६३ दात्यांचा गियर घेऊनही काम जवळपास होतं, मीटरभर लांबीत फरक पडतो तो मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाचा. खरं आहे. शाफ्टच्या इंचभर आट्यांना तो फरक कळणारही नाही. पण मला १२७च करायचा होता. दुपारच्या सुट्टीत फरशीवर अर्धवट राहिलेलं ते गणित होतं.

डिव्हायडिंग हेड माझ्याकडे नाही. विकत घ्यायचा तर लेथच्या दुप्पट पैसे. मग विचार केला, मोठ्या गोलावर खुणा करू आणि त्यावरून छोटा गोल कापू. मोठ्यावरची चूक छोट्यावर येईतो लहान होते, हे जुनं शहाणपण. खुणा कुठून आणायच्या? त्या घरातच होत्या. स्टीलचा मोजायचा टेप! ६३५ मिलिमीटर लांबीत दर पाच मिलिमीटरला एक रेघ धरली की बरोबर १२७ भाग. हे सुचलं तेव्हा मी मारुतीच्या देवळात रांगेत उभा होतो, आणि खरं सांगतो, नमस्कार करायचा राहून गेला.

वैशाखात काम धरलं. प्लायवुडची दोन वर्तुळं सरस लावून चिकटवली, चक ज्यावर फिरतो त्या स्पिंडलच्या मागच्या तोंडात घट्ट बसेल असा लाकडी गुडदा केला, त्यावर तबकडी चढवली. व्यास २०२ मिलिमीटरच्या किंचित वर. टेप गुंडाळायचा, फट बघायची, टेप काढायचा, सँडपेपरचा एक हात मारायचा, पुन्हा गुंडाळायचा. पत्र्याचं शेड, बेचाळीसच्या आसपासचं ऊन, घामानं टेप निसटायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ६३५ची रेघ शून्याच्या रेघेवर जाऊन बसली. घड्याळजीच्या भिंगातून बघितलं. एकच रेघ दिसत होती. दोन नाहीत, एक. मी टेप जपून काढून ठेवला, कारण कडेला वॉर्निश लावायचं होतं. आणि मग पुतणीचं लग्न आलं.

पुन्हा शेडचं दार उघडलं तेव्हा आषाढ होता. आठ दिवस झड लागलेली, भिंतींना ओल, कानशींवर गंजाचे ठिपके. तबकडी तशीच होती, निदान मला तशी वाटली. रात्री जेवून कामाला बसलो. टेप गुंडाळला, चिकटवला आणि भिंग लावलं. ६३५ची रेघ शून्यापासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबली होती. लाकूड पाणी प्यालं होतं. सांगलीच्या पावसात दारं चौकटीत अडकतात, पोळपाट वाकतो, मग ही तबकडी कोण लागून गेली? उपाय सोपा होता, टेप सोलून पुन्हा सँडपेपर, अर्ध्या तासाचं काम. साडेअकरा वाजले होते. चकमध्ये अॅल्युमिनियमचा गोल तयार, टूलला दात्याच्या फटीचा आकार दिलेला, सगळं सेटिंग लागलेलं. मी भिंगातून ती फट दोन-तीनदा पाहिली.

एवढ्यानं काय होतंय, असं म्हणालो मी. मोठ्यानं म्हणालो.

त्या रात्री आणि पुढच्या पाच रात्री मी दाते पाडले. मिलिंग मशीन नाही, म्हणून टूल आडवं बांधून ते ज्यावर बसतं तो कॅरेज हातानं पुढेमागे रेटायचा, रंधा मारावा तसा. एका हाताला दहावा हिस्सा मिलिमीटर खोल. एका फटीला पंचवीसेक हात. मग स्पिंडलचा लाकडी ब्रेक ढिला करायचा, सुई पुढच्या रेघेवर आणायची, भिंग, श्वास रोखून ब्रेक आवळायचा, आणि पुन्हा पंचवीस हात. तीन हजारांवर हात झाले. खांदा असा भरून आला की भाकरीचा तुकडा मोडताना कळ यायची. पत्र्यावर पाऊस, अॅल्युमिनियमवर रॉकेलचा ब्रश, चांदीसारखा कीस बनियनला चिकटलेला. बायको चहा ठेवून गेली की तिलाच आकडा विचारायचो, ‘किती झाले म्हणालो मघाशी?’ ती ‘त्र्याऐंशी’ म्हणायची आणि तिचा आकडा कधी चुकला नाही. शेवटची फट पडली तेव्हा पहाट होत होती. शेवटच्या आणि पहिल्या फटीमध्ये जो दाता उभा राहिला, तो शेजाऱ्यांपेक्षा जाड होता. गियर तबकडीहून लहान, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचं तिथं तिसरा हिस्सा मिलिमीटर झालं होतं. पण डोळ्याला दिसायला तेवढं पुष्कळ असतं. तो अडकू नये म्हणून मी त्याला कानस लावली. अडकायचा थांबला, बोलायचा थांबला नाही. दाता बारीक झाला तरी त्याच्या पुढची फट होती तिथंच राहिली.

मग मी हिशेब केला, स्वतःची समजूत घालायला म्हणा. ६३५त अर्धा, तो लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरमध्ये वाटला, तर कॅरेज चुकतो मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या हिश्शानं. चुकलो, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या अडीचपटीनं. डोक्यावरचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो. त्या आट्यांवर नट चढवला तर नटाला काही कळत नाही. कळतं फक्त कानाला. आणि एकदा कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

तो शेतकरी गेला त्या रात्री झोप येईना, तेव्हा आजोबांची बैलगाडी आठवली. आजोबा सुतार, पलूसकडच्या गावात गाड्या करायचे. बाजूला किर्लोस्करवाडी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कारखाना घातला आणि भोवतालच्या कितीतरी सुतार-लोहारांची पोरं टर्नर-फिटर झाली. आमच्या घरात ते एक पिढी उशिरा झालं. आजोबा चाकाचे सहा भाग करायला मोजपट्टी घेत नसत. ज्या कर्कटकानं गोल काढला तेच न हलवता परिघावर सहा वेळा टाकायचं, सहावं पाऊल पहिल्या टिंबात पडायचं. परिघाचे सहा लाकडी पाटे, प्रत्येक पाट्यात दोन आरे. मग लोहाराकडची धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. ती परिघापेक्षा जरा तोकडी करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून फुगवायची आणि सांडशींनी धरून चाकावर ठोकायची. लाकूड पेटायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि बायका घागरी ओतायच्या. पाण्यानं धाव आवळली की पाट्यांचे सांधे कर्रर्र करून एकमेकांत घुसायचे. पण धावेचा स्वतःचा सांधा असतोच. लोहारानं तो कितीही ठोकून मिटवला तरी तिथं थोडी गाठ राहायची. आमच्या घरच्या गाडीच्या उजव्या चाकाला ती जरा जास्तच होती. रात्री गाडी वेशीतल्या दगडी फरसबंदीवर आली की चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ठक्क वाजायचं. आजी चुलीपुढं बसलेली असायची. बाहेर किती गाड्या चालल्या आहेत, तिला देणंघेणं नसे. ती ठक्क ऐकली की तवा ठेवायची.

मी आजोबांना एकदा विचारलं होतं, ती गाठ घासत का नाही म्हणून. ते काय म्हणाले ते मला आठवत नाही. फार प्रयत्न केला. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं होतं एवढं नक्की, आणि बैलाच्या शिंगाला तेल लावत होते हेही दिसतं. शब्द गेले.

गोल मोडला तर माणूस काय करतो, याची एक गोष्ट मला नेहमी धीर देते. १८०८मध्ये लॅम्बटन नावाचा सर्व्हेवाला तंजावरच्या देवळाच्या शिखरावर आपला अजस्र थिओडोलाइट चढवत होता. दोर तुटला. अर्धा टनाचं ते यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन मोजायचं तीन फुटी पितळी वर्तुळ वाकलं. नवं मागवायचं तर विलायतेहून. त्यानं स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि पाचरी, स्क्रू, लाकडी हातोडे घेऊन कित्येक आठवडे ते वर्तुळ हळूहळू ओढून पुन्हा गोल केलं. पुढं हिंदुस्थानची मोजणी त्याच यंत्रावर चालली. त्या तंबूतल्या रात्रींचा विचार मी पुष्कळ वेळा करतो. बाहेर हत्ती-उंटांचा लवाजमा खोळंबलेला, आत एक म्हातारा होत चाललेला माणूस, आणि समोर एक गोल जो गोल नाही.

म्हणून गेल्या महिन्यात दुसरी तबकडी करायला घेतली. प्लायवुड नाही, अॅल्युमिनियमची. टेप गुंडाळला, फट बुजली, भिंगातून एक रेघ दिसली आणि या वेळी मी टेप काढला नाही. त्याच रात्री चिकटवला. नवा गोल चकमध्ये चढवून ठेवला. आणि तो तसाच आहे.

झालं असं की मधल्या काळात दुसरा एक शाफ्ट आला. इंचाच्या लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफनट, म्हणजे कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दुभंगी नट, उघडता येत नाही, उघडला तर पुढचा कट जुन्या आट्यात पडत नाही. नट आवळलेलाच ठेवून मोटर उलटसुलट करायची. आटे जिथं संपतात तिथं खाच असते, तीन मिलिमीटरची. टूल खाचेत आलं की त्याच क्षणी स्विच, नाहीतर टूल शाफ्टच्या खांद्यावर आदळून तुटणार. चाळिशीत हे डोळ्यांनी जमायचं. आता मोतीबिंदू धरलाय, ऑइलच्या धुरात खाच दिसत नाही. तरी त्या दिवशी टूल दर वेळी बरोबर खाचेत थांबत होतं. पाचव्या की सहाव्या कटला माझ्या लक्षात आलं की मी बघतच नाहीये. माझा हात मोजून स्विचवर जात होता. १२७चा गियर लीडस्क्रूवर, त्याचा एक फेरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक टक्क म्हणजे एक सूत. नट उघडत नाही म्हणून दर कटला टक्क त्याच जागी पडतं. आठ टक्क, एक इंच, खाच.

काल पहाटे तासगावचा तो गडी पुन्हा आला. या वेळी चुलत्याच्या ब्लोअरचा शाफ्ट. तसाच बादलीवर बसला, मफलर तोंडावर. मी ६० आणि १२७ लावले, मध्ये कागदाची पट्टी घालून दात्यांचा मेश सेट केला आणि मोटर चालू करायच्या आधी त्याच्याकडे वळलो. ‘पाव्हणं, मागच्या टायमाला तुम्ही आवाजाचं विचारलं हुतं. मशीनचा न्हाई त्यो. ह्यो गियर मी केलाय, त्यात एक दाता चुकलाय माझ्याकडनं.’

तो उठून जवळ आला. गियरकडे वाकून बघितलं, एका दात्यावर लाल रंगाचा ठिपका आहे त्यावर बोट ठेवलं. ‘ह्यो का?’

‘ह्योच. आता एक काम करा. तितंच उभं ऱ्हावा आन मोजा. मोठ्यानं.’

मोटर सुरू झाली. टूलनं कट धरला, शाफ्टवरून ऑइलचा पातळ धूर उठला. तो गियरकडे डोळे लावून, मास्तरांपुढं पाढा म्हणावा तसा, एकेक टक्क मोजत गेला. चार. पाच. मी डोळे मिटले होते.

‘सात,’ तो म्हणाला, आणि मी स्विचवर बोट ठेवलं.